कोंबड्यांच्या जाळीत लावलेलं झाड दरवर्षी मरतं, काय करायचं?

जाळी म्हणजे खुराड्याबाहेर कोंबड्यांना फिरायला जाळीने घेरलेली मोकळी जागा, आणि तिच्याबद्दल दरवर्षी जून-जुलै आला की हाच प्रश्न येतो आणि शब्दसुद्धा जवळपास तेच असतात, "जाळीत झाडं लावली होती, पंधरा दिवसात कोंबड्यांनी सगळं साफ केलं, आता असं झाड सांगा जे त्या खाणार नाहीत." मग कोणी सांगतं कडुनिंब लावा, कोणी सांगतं कोरफड लावा, ते लावलं जातं, तेही जातं, आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली की कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकत बसतात कारण जाळीत सावलीचा पत्ता नाही. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर काढते, त्यामुळे सावली ही तिच्यासाठी शोभेची गोष्ट नाहीये हे आधी डोक्यात घ्या. मी संगमेश्वर बाजूला असतो, जांभ्याची माती, पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, तर खाली लिहिलंय ते मुख्यतः कोकणातलं आहे, देशावर काळ्या मातीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. जाळीतली बहुतेक झाडं कोंबड्यांनी खाल्ल्यामुळे मरत नाहीत, उकरल्यामुळे मरतात. पानं खाल्लेलं झाड परत फुटतं, पण मुळं उघडी पडलेलं झाड दोन उन्हात जातं. म्हणजे "कुठलं झाड खाणार नाहीत" हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न हा की बुंध्याजवळची दीड फूट जमीन पंजापासून कशी वाचवायची. हे एकदा जमलं की तुम्ही जवळपास काहीही लावू शकता, अगदी त्यांच्या आवडीचंसुद्धा.

आधी मेलेलं झाड नीट बघा

नवीन रोप आणायच्या आधी जुनं उपटून फेकू नका, खाली बसून बघा. बुंध्याभोवती बशीसारखा खड्डा झालाय आणि त्यात पांढरी बारीक मुळं लोंबतायत, तर ते पंजाचं काम. पानांच्या नुसत्या शिरा आणि देठ उरलेत पण बुंधा घट्ट आहे, तर चोचीचं काम, आणि ते झाड बहुतेक अजून जिवंत आहे, नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर त्याला जाळीचा गोल करून ठेवा, फुटेल. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी, वरून खाल्लेलं काहीच नाही, आणि मातीला नाक चुरचुरेल असा वास येतोय, तर शीट जास्त झाली, ताज्या कोंबडखतातल्या नत्राने मुळं जळतात. बुंधा मातीपाशी मऊ पडलाय आणि झाड एका बाजूला कललंय, तर पाणी साचून कूज. आणि साल कुरतडलेली दिसली किंवा बुंध्यावर मातीचा थर चढलेला दिसला तर कोंबड्यांचा काही दोष नाही, उंदीर-घूस नाहीतर वाळवी.

आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी जाळीत जास्वंदीची फांदी लावायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, "अरे जास्वंद त्यांना फार आवडते ना, म्हणून ठेवत नाहीत." आवडते हे खरंच आहे, पानं फुलं सगळं खातात. पण फांदी बघितली तर वरचे दोन डोळे अजून हिरवे होते आणि खालची सगळी माती गायब होती, एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, तिथेच आडवी पडून एका पायाने माती अंगावर उडवत होती, पंख पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले. ती झाड खायला आलीच नव्हती, अंघोळीला आली होती.

हे फार ठिकाणी होतं आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतं, म्हणून इथे जरा थांबतो. कोंबडीला कोरड्या मातीत लोळावंच लागतं, पिसातले गोचीड-उवा आणि तेलकटपणा काढायचा तिचा तोच उपाय आहे. पावसाळ्यात अख्खी जाळी ओली, मग थोडी मोकळी कोरडी माती कुठे असते? झाडाच्या पानांखाली, बुंध्यापाशी, आणि तुम्ही तिथे नुकताच खड्डा खणून, शेणखत घालून, माती भुसभुशीत करून ठेवलेली असते! म्हणजे आपणच जागा तयार करून देतो. त्यामुळे झाड लावायच्या आधी त्यांची मातीची अंघोळ दुसरीकडे हलवा. पत्र्याखाली किंवा खुराड्याच्या बाजूला जिथे पागोळ्यांचं पाणी येत नाही तिथे ट्रकचा जुना टायर आडवा ठेवा, त्यात चाळलेली कोरडी माती आणि चुलीची राख भरा, मे महिन्यात माती कोरडी असतानाच दोन-तीन पोती भरून ठेवा कारण जुलैत कोरडी माती कुठून आणणार. राख लाकडाचीच हवी, कचरा-प्लास्टिक जाळलेली नको. हे केलं की बुंध्याशी उकरणं पूर्ण थांबत नाही पण बरंच कमी होतं.

बुंधा कसा वाचवायचा

दगड. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. पण लोक मुठीएवढे दगड ठेवतात आणि कोंबड्या ते आरामात बाजूला सारतात, गिरिराज-वनराजसारख्या वजनदार पक्ष्यांना तर तो खेळच. नारळापेक्षा मोठे हवेत आणि शक्यतो चपटे. आमच्याकडे चिऱ्याचे तुकडे फुकट पडलेले असतात, घराची मंगलोरी कौलं बदलली तर फुटकी कौलं असतात, ती एकावर एक थोडी चढवून बुंध्याभोवती दीड ते दोन फुटापर्यंत पसरवायची. बुंध्याला चिकटवायची नाहीत, चार बोटं जागा सोडायची आणि त्या फटीत खडी भरायची. पाणी आत जातं, ओल टिकते, पंजा पोचत नाही. दगडाखाली गोम-किडे जमतात, ते महिन्या-दोन महिन्यांनी दगड उचलून कोंबड्यांना दाखवायचे, पाच मिनिटात साफ करतात, मग दगड परत जागेवर. दगड उचलताना हातात काठी असू द्या, विंचू असतो.

इथे एक चूक फार बघतो, दगडाऐवजी पातेरा (वाळका पाला) किंवा गवत बुंध्याला जाड थर देऊन लावतात. बागेत ते उत्तम आहे, पण कोंबड्यांच्या जाळीत ते आमंत्रण आहे, पातेऱ्यात किडे असतात हे त्यांना पक्कं माहीत आहे, तासाभरात सगळं विस्कटून टाकतात. शिवाय कोकणात वाळवी लागते ती वेगळीच.

दगडाच्या जोडीला रोप लहान असेपर्यंत जाळीचा गोल हवाच. वेल्डमेश (चौकोनी भोकांची कडक तारेची जाळी) घ्या, तीन फूट उंच, दोन फूट रुंद गोल होईल एवढी, आणि दोन-तीन खुंट्या ठोकून बांधा. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी नुसती वापरली तर ती कोंबड्यांच्या अंगाने दाबली जाते आणि त्या बाहेर उभ्या राहून माना आत घालून पानं खातात. गोल कधी काढायचा? फांद्या कोंबडीच्या उडीच्या वर गेल्या आणि बुंधा मनगटाएवढा झाला की. तोपर्यंत दया दाखवू नका.

आणि खरं सांगू का, सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे झाड जाळीच्या बाहेर लावा आणि सावली आत घ्या. मुळं बाहेर, फांद्या आत. तोंडलीचा वेल बाहेर लावून जाळीवर चढवला की उन्हाळ्यापर्यंत छप्पर हिरवं होतं, वेल वर्षानुवर्षं टिकतो, तोंडली आपल्याला, खाली लोंबणारी कोवळी पानं त्यांना. मायाळू, दोडका, कारलं हेही चालतं पण ते हंगामी, आणि दुधीसारखं जड फळ येणारा वेल असेल तर जाळीच्या खाली बांबू-वासे आधाराला द्या, नाहीतर पहिल्या वादळात जाळी खाली येईल. एक काळजी घ्या, जाळीला अगदी टेकून मोठं झाड वाढवू नका, मुंगूस आणि रानमांजराला वर चढायला शिडी मिळते. वर जाळी नसेल तर चार-पाच फूट अंतर ठेवाच.

काय लावायचं

आत लावायचंच असेल तर आधी विचार करा की झाडाकडून काय हवंय. सावली हवी, आडोसा हवा, चारा हवा, की चिखलाचं पाणी शोषायला हवं? एकच झाड सगळं करत नाही.

सावलीला मी शेवगा आणि तुती या दोघांचं नाव आधी घेतो. दोन्ही फांदीवर लागतात, झपाट्याने वाढतात, कितीही छाटले तरी फुटतात, आणि दोघांचा पाला कोंबड्या आवडीने खातात. शेवग्याची चार फुटाची, मनगटाएवढी जाड फांदी मे अखेरीस कापून, एक-दोन दिवस सावलीत काप सुकू देऊन, दीड फूट खोल गाडायची. फांदी जाड आणि उंच असल्यामुळे कोंवळे फुटवे कोंबड्यांच्या तोंडापासून वरच येतात, हा मोठा फायदा. पण पाणी साचणाऱ्या जागी शेवगा कुजतो, तिथे नको, काळ्या मातीत तर उंचवटा करूनच लावा. पावसात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, अंगाला लागले तर खाज सुटते आणि कोंबड्याही त्यांना हात लावत नाहीत, लांब काठीला कापड बांधून साबणाच्या पाण्यात खरवडून काढा, औषध मारू नका. तुतीला ही भानगड नाही, शिवाय फळं पडतात ती कोंबड्या खाली पडून राहू देत नाहीत.

जिथे खुराड्याचं धुतलेलं पाणी जातं, पागोळी पडते, तिथे केळी. केळीला पाणी आणि खत कितीही द्या, ती मागतेच, त्यामुळे इतर झाडं जिथे शिटेने जळतात तिथे केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिलं) जोरात वाढतात. खालची पानं फाडतात, फाडू द्या. त्याच ओलीत अळू आणि कर्दळ येते, अळूला खाज असल्यामुळे सहसा चोच लावत नाहीत, पण कंद उकरतात, म्हणून दगड तिथेही.

आडोशाला निरगुडी आणि अडुळसा. दोघांना गुरं खात नाहीत, शेळ्या खात नाहीत, कोंबड्याही एक-दोनदा चाखून सोडतात, आणि दोन्ही पावसात फांदीवर लागतात, एक पैसा खर्च नाही. आडोसा कशाला हवा हे विचारतात लोक. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा आहे, आणि 2008 साली संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचा गुण तिच्यात आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आलाय. हे दोघंही झुडपांच्या कडेने फिरणारे पक्षी. कोंबडीचं मन अजून तसंच आहे, मोकळ्या मैदानात ती घारीच्या भीतीने फिरत नाही, खुराड्यापाशीच घोळका करून बसते आणि तिथली जमीन उकरून-शिटून खराब करते, बाकी अर्धी जाळी तशीच रिकामी. मधे-मधे दोन-तीन झुडपं दिली की ती एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जाते आणि सगळी जागा सारखी वापरली जाते. झुडपं खालून एक वीतभर मोकळी ठेवा, नाहीतर घोणस बसली तरी दिसणार नाही.

गवती चहाचे मोठे ठोंब कडेने चालतात, पान खरखरीत, खात नाहीत. उतार असेल तर वाळा. गवत मात्र विसरा. माणशी, म्हणजे कोंबडीमागे दहा चौरस फूट जागा असलेल्या जाळीत कुठलंही गवत टिकणार नाही, कितीही भारी बी आणा. हिरवा चारा हवा असेल तर लाकडाची चौकट करा, दोन बाय चार फूट, सहा इंच उंच, वर घट्ट ताणलेली वेल्डमेश, आणि खाली नाचणी, बाजरी, मेथी, चवळी काहीही पेरा. जाळीच्या वर येईल तेवढंच त्या खुडतात, मुळाला धक्का नाही, परत वाढतं. त्यांच्या वजनाने मधे झोळ पडतो म्हणून चौकटीला आडवी पट्टी माराच.

हे लावू नका, असेल तर काढा

कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, घाणेरी, चंद्रज्योत. मोठी कोंबडी कडू-विषारी पान बहुतेक वेळा टाळते हे खरं आहे, पण पावसाळ्यात जाळीत दुसरं काही हिरवं नसेल तर ती चाखते, आणि पिल्लांना तर काहीच कळत नाही. शेराचं कुंपण बऱ्याच शेतांवर असतं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, जाळीपासून लांब ठेवा. सुबाभळीबद्दल नेहमी वाद होतो, "आमच्या शेळ्या खातात की". शेळीच्या पोटातले जिवाणू त्यातलं मिमोसीन फोडू शकतात, कोंबडीच्या पोटात ती सोय नाही, अंडी कमी होतात, वाढ खुंटते. एखाद-दुसऱ्या पानाने काही होणार नाही पण जाळीत मुद्दाम लावायचं झाड ते नाही.

यापेक्षा मोठा धोका नर्सरीच्या पिशवीत असतो आणि तो कोणी सांगत नाही. काही ठिकाणी रोपांच्या मातीत दाणेदार कीटकनाशक टाकतात, पूर्वी थायमेट टाकायचे. ते दाणे कोंबडीला खड्यासारखे दिसतात, आणि खडे तर ती वेचतेच. थोडे दाणे पुरतात मरायला. रोप घेताना स्पष्ट विचारा, शंका असेल तर वरची माती काढून टाका, रोप दोन-तीन महिने जाळीबाहेर वाढवा आणि मगच आत आणा. फांदीवर लागणारी झाडं मी सारखी सांगतोय त्यामागे हेही एक कारण आहे. लावताना काळ्या पिशवीचे तुकडे आणि कलमाची प्लास्टिक पट्टी खाली पडू देऊ नका, त्या गिळतात.

पावसाळा

सावली जास्त झाली तरी त्रास आहे. जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही, आणि ओल अधिक ऊब म्हणजे कॉक्सीचा, म्हणजे रक्ती हगवणीचा कारखाना. त्या रोगाच्या परजीवीची अंडी ओल्या उबदार जमिनीत दोनेक दिवसात लागण करायला तयार होतात, कोरड्यात नाही. म्हणून मे अखेरीस शेवगा-तुती बिनधास्त छाटा, वरचं मोकळं करा, ऊन-वारा जमिनीला लागू दे, ऑक्टोबरपर्यंत सावली परत तयार असते. छाटलेला टाळ (पाल्यासकट फांद्या) आतच टांगा, जमिनीवर टाकू नका, टांगलेला पाला स्वच्छ खाल्ला जातो.

चिखलावर भाताचं तूस टाकतात, पण उघड्यावर ते भिजून बुरशी धरतं आणि ती बुरशी कोंबड्यांच्या फुप्फुसाला वाईट, तूस पत्र्याखालीच ठेवा. उघड्यावर नारळाची सोडणं, जाड फांद्यांचे तुकडे, खडी, असं काहीतरी भरड टाका आणि पाण्याला बाहेर जायला चर काढा. चर नसेल तर बाकी सगळं वाया. जाळीतून निघालेलं खत लगेच झाडाला घालू नका, तीन-चार महिने पालापाचोळ्यात कुजवून मग माड-आंब्याला घाला.

शक्य असेल तर जाळी मधून एका आडव्या जाळीने दोन भागात तोडा. एका भागात कोंबड्या, दुसऱ्या भागातल्या झाडांना विश्रांती, दीड महिन्याने अदलाबदल. जागा कमी असेल तरी हे करा, कारण जाळी पूर्ण उघडी ठेवून नुसत्या दगडांवर विसंबलात तर काही झाडं तरीही जातील.

नवीन लावलेल्या भागात कोंबड्या पहिल्यांदा सोडाल तेव्हा सकाळी सोडू नका, तेव्हा भूक आणि उकरायचा जोर दोन्ही जास्त असतं. संध्याकाळी पोट भरल्यावर, अंधार पडायच्या आधी तासभर सोडा आणि तिथेच उभे राहा. कुठली कोंबडी कुठल्या झाडापाशी सारखी जाते ते लगेच दिसतं, कारण कळपात एक-दोनच अट्टल उकरणाऱ्या असतात आणि बाकीच्या त्यांच्या मागे जातात. ज्या झाडापाशी त्या थांबल्या तिथे दुसऱ्या दिवशी आणखी दोन मोठे दगड. आठवडाभर असं करा, मग दिवसभर मोकळं सोडा. गावरान असतील तर अजून एक बघा, मोठ्या झाडाची खालची फांदी सहा फुटाच्या खाली असेल तर त्या खुराड्यात न जाता फांदीवरच झोपायला लागतील, आणि सगळी शीट रोज रात्री त्याच एका बुंध्यावर पडेल, ती फांदी आधीच कापून टाका.